रत्नप्रभाबाई आणि चौथी हवाई सुंदरी

रत्नप्रभा घाटोळे यांनी भोपाळच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं सुपरवायझर म्हणून काढली. माहेर आर्वीचं, आवाज मात्र कँटीनमध्ये घडलेला. एका शिफ्टला सहाशे ताटं. बाई नुसत्या खाकरल्या तरी रांग सरळ व्हायची, रांगेत जनरल मॅनेजर असले तरी. नवरा भालचंद्र त्याच कारखान्यात फिटर. निवृत्तीनंतर दोघं भोपाळच्याच अवधपुरीत राहायला आले, आणि गेल्या डिसेंबरात मुंबईच्या मुलीकडे जायला त्यांनी जन्मात पहिल्यांदा विमानाची तिकिटं काढली.

विमान वेळेवर आलं, पण चढू कोणी देईना. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, चार हवाई सुंदरींपैकी एकीचं पोट बिघडलंय. बदली मुलगी इंदूरहून गाडीने निघाली आहे, चार तास लागतील.

"तिघी आहेत ना? आम्ही माणसं तरी किती, एकशे बारा," भालचंद्र म्हणाले.

"काका, माणसं नाही, सीटा मोजतात. पन्नास सीटांमागे एक. आपल्या विमानात एकशे ऐंशी सीटा आहेत, म्हणजे चार हव्यात."

भालचंद्रांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तीस सीटा काढल्या की तीन पुरतील. चौदा नंबरचा पाना असेल तर द्या. दीड तासात काढून देतो."

मुलगी हसली. भालचंद्र हसले नाहीत.

"अहो, सीटा कशाला काढता?" रत्नप्रभाबाई उठल्या. "चौथी मी होते."

एवढ्यात कॅप्टन बाहेर आले. अच्युत दाणी, नागपूरचे. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं. सहाशे ताटं, दोन भाज्या, सणाला जिलबी.

"काकू, चहा-नाश्ता ही त्यांची वरवरची कामं," ते म्हणाले. "खरं काम वेगळंच. काही झालं तर दीड मिनिटात सगळं विमान रिकामं करायचं. त्यासाठी त्यांना शिकवलेलं असतं."

"दीड मिनिट?" बाईंना ते फारच जास्त वाटलं. "घड्याळ लावा."

कॅप्टनना वाटलं, थट्टा चाललीय. त्यांनी हसतहसत मनगट वर केलं. रत्नप्रभाबाईंनी पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि कँटीनच्या आवाजात आरोळी ठोकली, "गरम समोसे! गेट नंबर तीन! थोड़े ही बचे हैं!"

हॉल हलला. झोपलेले उठले, फोनवरचे धावले. चार इमली या बड्या अधिकाऱ्यांच्या वसाहतीतले एक सचिवसाहेब एका पायात बूट घालून सगळ्यांच्या पुढे होते. पहाऱ्यावरचा बंदूकधारी जवानही दोन पावलं गेटकडे सरकला, मग ड्युटी आठवून थांबला.

"अठ्ठावन्न सेकंद," कॅप्टन थक्क होऊन म्हणाले.

"मग? कुठाय तो गणवेश?"

"काकू, पण नापास."

"का?"

"बघा ना. प्रत्येकाच्या हातात बॅग आहे. आग लागली तर सामान सोडून पळायचं असतं."

बाईंनी पाहिलं. खरंच, एकानेही पिशवी सोडली नव्हती. स्वतः भालचंद्र दोन सुटकेसी घेऊन रांगेत तिसरे उभे होते. बाईंचा चेहरा पडला. "सामान सोडा म्हटलं तर लोक ऐकतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्यासाठीच तर चार लागतात."

समोसे नाहीत हे कळल्यावर गेट नंबर तीनवर जरा कठीण प्रसंग आला. जवानाने बाईंना समज दिली. बाईंनी मुकाट्याने मुलीसाठी नेत असलेला शंकरपाळ्यांचा डबा उघडला आणि रांगेतल्या एकशे बारा जणांना वाटप केलं. माणशी चार. सचिवसाहेबांनी पाचवा मागितला. मिळाला नाही.

संध्याकाळी इंदूरची मुलगी आली. बारीकशी, धुळीने माखलेली, वाटेतल्या सीहोरच्या ट्रॅफिकने वैतागलेली. ती तशीच विमानाकडे पळत निघाली, तर रत्नप्रभाबाईंनी तिचा दंड धरला.

"सकाळपासून काही खाल्लंस?"

"आंटी, पहले ही इतनी देर हो गई है..."

"बस इथं."

ती बसली. डब्यात उरलेले शंकरपाळे तिने संपवले, वर पाणी प्यायली. कॅप्टन दारात उभे राहून घड्याळ बघत होते, पण थांबले. विमानाला आणखी सहा मिनिटं उशीर झाला.