गच्चीवरच्या मुनीमबाई

आम्ही जुन्या मैत्रिणी भेटलो, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "ए, तुझं ते जयपूरचं सांग ना!" की मी सुरू. आणि दरवेळी सांगता सांगता एखादा पार विसरलेला किस्सा आपणहून शेजारी येऊन बसतो. हिशेब कसे मार्चअखेर मिटवता येतात. किस्स्यांना मार्चच नाही!

तर, नवरा विमा कंपनीत. त्याची बदली झाली आणि सांगलीहून आम्ही थेट जयपूरला, विद्याधर नगरात येऊन पडलो. मोबाइल नुकते हातात आले होते, पण लोक अजून खाली उभं राहून हाकच मारायचे. नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत. थंडीत घर असं गारठायचं, की मी सकाळचं आवरून जी गच्चीवर जायची ती ऊन उतरेपर्यंत तिथेच. समोर धुकं विरत जायचं आणि डोंगरावरची किल्ल्याची भिंत हळूहळू उमटायची, कुणीतरी पेन्सिलीने काढत असल्यासारखी. त्या उन्हात आपण जागे आहोत की झोपलोय, तेच कळायचं नाही.

मी बी.कॉम. लग्नाआधी एका तेलगिरणीत अकाउंट्स बघायचे. हे एकदा बोलता बोलता घरमालकांसमोर निघालं.

घरमालक शर्मासर खालच्या मजल्यावर गणिताचे क्लास घ्यायचे. दुसऱ्या दिवशी जिना चढून वर आले, दोन्ही हातांत पावत्यांनी फुगलेल्या पिशव्या.

"भाभीजी, मेरा हिसाब आप देखिए. मला अकाउंटंट पाहिजे."

मला हसूच आलं. "सर, तुम्ही तर गणिताचे! तुम्हाला कशाला?"

सर पिशव्या खाली ठेवून गंभीरपणे म्हणाले, "भाभीजी, गणित में उत्तर होता है!"

संध्याकाळी मुलीला सांगितलं. तिचं मराठी तेव्हा निम्मं जयपूरचं झालेलं. "आई, मतलब तू सरांची मुनीम बनली?"

"बनलीस," मी सुधारलं.

"हां, वही!"

*

सरांनी मग मुरलीपुऱ्याच्या किशनजींना पाठवलं. त्यांचा फोटो स्टुडिओ. माणूस बारीक, आवाज त्याहून बारीक. मी आपली डिग्री, अनुभव सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "मॅडमजी, एकच विचारायचंय. आपको जल्दी तो नहीं रहती?"

"नाही."

"तो फिर ठीक है." झाला इंटरव्ह्यू!

त्यांचा स्टुडिओ म्हणजे एक काळोखी खोली. मागे पडद्यावर रंगवलेलं तळं, त्यात होडी, होडीत कुणीच नाही. मी स्टॉक मोजायला बसले आणि ड्रॉवर उघडले, तर पाकिटंच पाकिटं. लोकांनी काढून घेतलेले आणि न्यायचे राहून गेलेले फोटो. हातात हात घेतलेलं जोडपं. टोपरं घातलेलं बाळ, जे एव्हाना कॉलेजात गेलं असेल.

म्हटलं, "किशनजी, आता डिजिटल आलं. हे काढून टाकू या. कोण नेणार?"

ते घाबरून म्हणाले, "और आ गए तो?"

"मग स्टॉकमध्ये हे काय म्हणून लिहू?"

किशनजींनी पडद्यावरच्या तळ्याकडे बघितलं. "लिखिए... लोग आएंगे."

मी 'इतर' लिहिलं. आणि पाकिटं होती तशी परत ठेवली!

*

किशनजींचे दोस्त युसूफभाई, पतंगवाले. त्यांनी तर माझी परीक्षाच घेतली. गच्चीवर आले, पतंग वर सोडला आणि फिरकी माझ्या हातात दिली. "पकडिए."

मी सांगलीची, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही! मी आपली फिरकी नुसती सैल धरून उभी. मांजा सुरसुरत जात राहिला. पतंग इतका लांब गेला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

युसूफभाई खूश. "पहलेवाले अकाउंटंट साहब हर बात में खींचते थे!"

संक्रांतीच्या दिवशी ते पेढे घेऊन आले. सगळं जयपूर गच्चीवर, आभाळात पाय ठेवायला जागा नाही. मी उगाच कामाचं बोलायचं म्हणून विचारलं, "युसूफभाई, माल किती शिल्लक?"

त्यांनी दोन्ही हात पसरले आणि वर बघितलं. "गिन लीजिए!"

*

अत्तरवाले मोहनलालजी सगळ्यात शांत. सायकलवर लाकडी पेटी, गल्लोगल्ली फिरायचे. ते आले की आधी वास यायचा जिन्यावरून. त्यांचं म्हणणं, "मला रिटर्न भरायचंय."

मी त्यांची कमाई विचारली आणि म्हटलं, "बाबूजी, तुम्हाला भरायची गरजच नाही. तुम्हाला टॅक्स लागतच नाही."

"लागत नाही, ते ठाऊक आहे."

"मग कशाला खर्च करता?"

म्हाताऱ्याने पेटीची कडी नीट बसवली. मला वाटलं, रागावला. मग म्हणाला, "सरकार को पता तो चले, कि मैं हूँ."

मी भरलं. मी फी सांगायच्या आत केवड्याचा एक थेंब मनगटावर लावून ते जिना उतरूनही गेले. नवरा संध्याकाळी दारातच थबकला, "कोण आलं होतं?" मी म्हटलं, "क्लायंट!"

*

आणि मग गुलाबबाई.

चाकसूकडची बाई. नवरा गेल्यावर हिमतीने रजयांचा कारखाना चालवलेला. चार बाया टाके घालायच्या, ही रुई बघायची. पण जुन्या मुनीमजीने विश्वासाने अंगठे घेतले आणि कारखान्याची मागची जागा स्वतःच्या नावावर करून घेतली. तेव्हापासून ही कुणालाच ठेवून घेईना. सून एकेक अकाउंटंट घेऊन यायची, सासू एकेकाला परत पाठवायची. दिवसरात्र दाराकडे तोंड करून बसायची. शेवटी सून तिला आमच्या गच्चीवर घेऊन आली आणि मला जिन्यातच म्हणाली, "दीदी, अम्माजी सोती नहीं. डोळाच लागत नाही."

गुलाबबाई सतरंजीवर बसली. घुंगट कपाळापर्यंत, डोळे माझ्यावर रोखलेले. "सुनाओ. क्या क्या करोगी?"

मी सांगायला लागले. पावत्या अशा लावीन, तुमच्यासमोर वाचून दाखवीन, वाचल्याशिवाय अंगठा घेणार नाही. तिची मान हलेना. मग कारखान्यातल्या सामानाची यादी वाचताना शिलाई मशीन आलं, पंखा आला, आणि मी घसारा समजावायला घेतला. "अम्माजी, वस्तू वापरली की दरवर्षी थोडी थोडी जुनी होते ना? तेवढी तिची किंमत आपण दरवर्षी कमी धरायची."

"सरकार मानती है?"

"मानती है."

"कि चीज़ पुरानी हो जाती है?"

"हो, अम्माजी."

तिने पाय लांब केले. पाठ भिंतीला टेकली. मी पुढे वाचत होते, लाकडी कपाट, तराजू, रुई पिंजायचं मशीन... आणि बघते तर घुंगट खांद्यावर घसरलेला, तोंड किंचित उघडं, आणि गुलाबबाई गाढ!

मी गप्प झाले. त्यासरशी तिच्या कपाळावर आठी पडली.

सुनेने घाईघाईने माझा हात धरला. तिचे डोळे भरलेले. कानाशी येऊन कुजबुजली, "दीदी, रुकिए मत."

ऊन भिंतीवरून सरकत होतं. मी आवाज हळू केला आणि पुन्हा शिलाई मशीनपासून वाचायला घेतलं.