कॉर्कच्या पत्रांमागचे रामनाम

श्री. शिरीषराव आगटे यांची आणि आमची ओळख मंगफमधल्या एका सत्यनारायणाच्या पूजेत झाली. मला कुवेतला येऊन जेमतेम महिना झाला होता. कथा सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून मी वाणसामानाच्या पावतीच्या पाठीवर रामनाम लिहीत बसले होते. शेजारी बसलेले शिरीषराव, म्हणजे आमचे भाऊजी, म्हणाले, "वहिनी, एवढ्याशा जागेत रामाला अवघडल्यासारखं होत असेल." पुढच्याच आठवड्यात ते ऑफिसच्या रद्दीतले पाठकोरे कागद सुतळीने बांधून घरी घेऊन आले. तेव्हापासून दर महिन्याला तसा गठ्ठा येतो. आमचे हे तो देवघराखालच्या फळीवर ठेवतात.

भाऊजींच्या साठीनिमित्तच्या या अंकात त्यांच्या तेलशुद्धीकरणातल्या कामाबद्दल मोठमोठे इंजिनिअर लिहितीलच. मी मॅट्रिक झालेली बाई, मला त्यातले कळत नाही. त्यांच्या सचोटीबद्दल मात्र मीच लिहायला हवे, कारण तिची परीक्षा माझ्यामुळे झाली.

भाऊजींचे पूर्वीचे साहेब डेनिस हे आयर्लंडमधल्या कॉर्क शहराचे. ते वारल्यावर त्यांच्या कपाटात त्यांच्या आजीची जुनी पत्रे सापडली. भाऊजींनी खटपट करून साहेबांच्या वृद्ध बहिणीचा पत्ता मिळवला. त्या शहराच्या इतिहासाचे कागद जपणाऱ्या संग्रहालयात ती पत्रे द्यायची, असे त्या बाईंनी ठरवले. "एकाही पानाला धक्का लागणार नाही," असा शब्द भाऊजींनी दिला. नेमके तेव्हा त्यांच्या घरात रंगकाम निघाले, म्हणून गठ्ठा आठवडाभर आमच्याकडे ठेवायला दिला. यांच्या हातात. त्याच सुतळीने बांधून. आणि यांनी तो सवयीने त्याच फळीवर ठेवला व मला सांगायचे विसरले.

भाऊजी न्यायला आले तोवर माझी अकरा पाने लिहून झाली होती. पुढच्या बाजूचे वळणदार इंग्रजी मला लागले नव्हते. असेल एखाद्या साहेबाचे, असे वाटले होते.

भाऊजी पाने उलटून पाहतच राहिले. मग त्यांनी पाणी मागितले.

"व्हाइटनर लावून बघू का?" आमचे हे म्हणाले.

"तुम्ही आता कशालाच हात लावू नका," मी म्हटले. मला रडूच कोसळले.

"मग कळवून टाका, आधीपासूनच होतं म्हणून," यांनी दुसरा उपाय काढला.

"कॉर्कच्या आजीबाई देवनागरीत रामनाम लिहायच्या?" भाऊजी म्हणाले. "नाही हो. आहे तेच कळवायचं. गठ्ठ्यावर चिठ्ठी मी लावली नाही, चूक माझी. आणि वहिनी, अक्षर मात्र तुमचं सुरेख आहे हं."

त्यांनी खरोखर तसेच कळवले, चूक स्वतःवर घेऊन. उत्तर यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस मी लेखणी धरली नाही. जप तोंडानेच केला. भाऊजी मात्र रोज संध्याकाळी येऊन ती पत्रे मला मराठीत सांगत. नदीचे पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढल्याचे, लोण्यात भेसळ करणाऱ्या दुकानदाराला आजीबाईंनी भर बाजारात झापल्याचे. बाई अगदी आपल्यातल्या वाटल्या. त्यामुळे अपराध अधिकच बोचू लागला.

अखेर बहिणीचे उत्तर आले. त्यांनी लिहिले होते, "आजी पत्र लिहून झालं की जपमाळ घेऊन बसायची. तिचा जप कागदावर कधी उतरला नाही, त्या बाईंचा उतरला. काहीही पुसू नका." संग्रहालयाने तर हे कोणी, कुठे व का लिहिले याची हकीकतच मागवली. ती मी मराठीत लिहिली, भाऊजींनी इंग्रजीत केली. 'कागद वाया जाऊ नये म्हणून' हे माझे कारण त्यांनी जसेच्या तसे ठेवले.

आज भाऊजींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्यासाठी मी जपाचा संकल्प केला आहे, तोही कोऱ्या वहीत. वही भाऊजींनीच आणून दिली आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने चिठ्ठी डकवली: 'वहिनींसाठी. दोन्ही बाजू.' रामराया त्यांना निरोगी शंभर वर्षे देवो, गुडघे धड ठेवो, आणि एकदा कॉर्कला जाऊन ती पत्रे पाहण्याची त्यांची इच्छा पुरी करो. फक्त येताना त्यांनी तिथून एकही गठ्ठा आमच्याकडे ठेवायला आणू नये.