खरवडलेला नंबर

समुद्रातल्या बेटावरच्या बेसो गावात बाउरोच्या तोडीचा रेडिओ दुरुस्त करणारा नव्हता, आणि त्यात त्याच्या ब्लेडचाही वाटा होता. नवी चिप बसवली की तिच्या पाठीवरचा नंबर तो ब्लेडनं खरवडून टाकी आणि कुठे लिहूनही ठेवत नसे. कुणी बुबुसी करून, म्हणजे आपलेपणाच्या हक्कानं, काही मागितलं, तर इथे नाही म्हणता येत नाही. मग ती होडी असो की हातातली विद्या. जे आपल्यालाच आठवत नाही ते कोण मागणार, असं त्याचं गणित. समोरच्या दुकानात रेडिओच दुरुस्त करणाऱ्या तेकाईनं एकदा असाच एक नंबर मागितला होता. माहीत नाही, असं बाउरोनं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

आज त्याच्यापुढे बायकोचं, नेई तिरियाचं, ऑक्सिजनचं यंत्र उघडं पडलं होतं. त्यातली पॉवरची चिप जळाली होती. चार वर्षांपूर्वी त्यानंच बसवलेली, गुळगुळीत पाठीची. दवाखान्यातून आणलेलं शेवटचं सिलिंडर दुपारपर्यंतच पुरलं असतं; नवी सिलिंडरं आणणारं विमान परवा येणार होतं. आतल्या खोलीतून तिचा श्वास ऐकू येत होता. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

जळक्या चिपला आठ पाय, एक ग्राउंडला, एक कॉइलला. अशा दोन जाती त्याला ठाऊक होत्या. चुकीची बसवली तर अख्खा बोर्ड जळणार. आणि त्याच्याकडे दोन्हींपैकी एकही नव्हती.

तो रस्ता ओलांडून तेकाईच्या चटईवर जाऊन बसला.

"बुबुसी करायला आलोय," म्हणाला.

तेकाईनं सगळं ऐकून घेतलं, खण उघडला आणि दोन पुड्या पुढे ठेवल्या. "तू मागितल्यास, मी दिल्या. यातली कोणती, ते तुझ्या ब्लेडला विचार."

बाउरो उठला नाही. "बोर्ड मोजला तर कळेल, पण तिचा श्वास ऐकताना मला मीटर धरवत नाही रे. तूच चल. तेही मागतोय."

तेकाई चपला न घालताच निघाला.

जळकी चिप काढून तेकाईनं तिच्या शेजारचे दोन रेझिस्टर मोजले. एक दुसऱ्याच्या तिप्पट होता. बोर्डाला लागतात पाच व्होल्ट. ते या दोघांत तिनास एक असे वाटले जातात, म्हणजे चिपच्या वाट्याला चौथा हिस्सा, सव्वा व्होल्ट. पहिल्या पुडीतली जात सव्वावर चालते, दुसरीतली पाऊणवर. त्यानं पहिली पुडी फोडली.

चिप बसली. बटण दाबताच हिरवा दिवा लागला आणि यंत्र घरघरू लागलं. नळी नेई तिरियाच्या नाकाशी लावून बाउरो परत आला. झाकण लावायच्या आधी सवयीनं त्याचा हात ब्लेडकडे गेला.

"आता माझी बुबुसी," तेकाई हळूच म्हणाला. "चिपची पाठ तशीच राहू दे, नंबरासकट."

बाउरोनं ब्लेड खाली ठेवलं.

आतून एक श्वास आला. दोघंही पुढच्याची वाट बघत उभे राहिले.