टिकल्यांचा डबा
जुना बिस्किटांचा डबा उघडला आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. तेव्हा सक्करदऱ्यातल्या आमच्या कामाच्या खोलीत पाच कंपन्यांचे पाच छोटे संगणक होते. प्रत्येकाला सुरू करणारं मेमरी कार्ड वेगळं, म्हणून माझ्या वरिष्ठ ताई कार्डांवर स्वतःच्या रंगीत टिकल्या लावून ती या डब्यात ठेवत. एका मे महिन्यात डिंक वितळला आणि सगळ्या टिकल्या डब्याच्या तळाशी गेल्या. दुसऱ्या दिवशी संगणक खापरखेड्याच्या शाळेत द्यायचे होते, म्हणून दुपारभर एकेक कार्ड घालून पाहत बसलो. “ताई, एकच कार्ड सगळ्यांले काहून चालत नाही?” मी वैतागलो. “बनवणारे एका रीतीवर आले तं चालंल गा,” त्या घाम पुसत म्हणाल्या. आता ते एका रीतीवर आले आहेत. आज नवाकोरा संगणक बाकीच्या संगणकांच्याच पेनड्राइव्हवर पहिल्या झटक्यात सुरू झाला, पण सांगायला ताई नाहीत. डब्यातली लाल टिकली पेनड्राइव्हला लावून पाहिली. ती चिकटली नाही, आणि खुणेची गरजही उरली नव्हती.