एकदाच विचारलं

एस्टोनियात माझं पहिलं जेवण माझ्या नव्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी झालं आणि तिथून मी अर्धपोटी परत आले. बटाट्याचं वाफाळतं सूप होतं, काळा पाव होता आणि दोन दिवसांच्या प्रवासानं माझ्या पोटात कावळे ओरडत होते. पहिली वाटी संपल्यावर बाईंनी विचारलं, "आणखी वाढू?" मी सवयीनं म्हणाले, "नको, नको, बास झालं." बाईंनी मान डोलावली, भांड्यावर झाकण ठेवलं आणि भांडं उचलून आत नेलं. मला वाटलं, गरम करायला नेलं असेल. बराच वेळ मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. बाई बाहेर आल्या त्या कॉफी घेऊन.

आमच्याकडे, म्हणजे बीडहून नारायणगडाकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात, असं कधी होत नाही. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा पाहुणा हावरट ठरतो आणि पहिल्या नकोवर थांबणारी बाई कंजूष ठरते. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरायचा, वाढणारीनं बोटांखालून भाकरी सरकवायची आणि दोघांनी हसायचं. माझी माय या कामात तरबेज आहे. तिच्या हातून कमी जेवून सुटलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. स्वतः मात्र ती कशालाच हो म्हणत नाही. चहा? नको, आत्ताच झाला. नवं लुगडं? नको, हाय की मस्त. थोरला दादा तर तिला विचारतच नाही, सरळ आणून पुढ्यात ठेवतो.

बीडच्या एका शाळेत सहा वर्षं इंग्रजी शिकवल्यावर मला ही एस्टोनियाची नोकरी मिळाली. गावात कुणाला त्या देशाचं नाव धड घेता येईना, म्हणून सगळे 'ती बर्फात गेली' एवढंच म्हणायचे. आम्ही शेळ्यामेंढ्यांमागं फिरणारी माणसं, आमच्यातली पोरगी गोऱ्यांना इंग्रजी शिकवायला जाते याचं मायला फार अप्रूप होतं. तिथं हिवाळ्यात दुपारी साडेतीनला अंधार पडायचा. त्या अंधाराची सवय झाली, पावाची झाली, पायात दोन दोन मोजे घालायची झाली. अडलं ते फक्त या विचारण्या-वाढण्यापाशी.

एकदा मी शाळेतल्या माझ्या संध्याकाळच्या, मोठ्या माणसांच्या वर्गातल्या तिघांना दुपारच्या जेवणाला बोलावलं. त्यात एक निवृत्त सुतार होते, सत्तरीचे, वर्गात कधीही न चुकणारे. मी थालीपीठं केली होती. दोन झाल्यावर ते नको म्हणाले, मी तिसरं वाढलं. त्यांनी खाल्लं. पुन्हा नको म्हणाले, मी चौथं वाढलं. शेवटी त्यांनी दोन्ही हात ताटावर धरले. मला इतका आनंद झाला! म्हटलं, चला, एकाला तरी आपली रीत कळली. आणि मी पाचवं थालीपीठ त्यांच्या बोटांखालून सरकवलं. त्यांचा चेहरा लाल झाला. ताटात टाकायचं नाही म्हणून त्यांनी तेही संपवलं आणि आभार मानून निघून गेले. पुढच्या दोन तासांना ते वर्गात आले नाहीत.

मग मुख्याध्यापिकाबाईंनी मला जवळ बसवून सांगितलं, "त्यांनी नाही म्हटलं होतं. इथं पुन्हा विचारणं म्हणजे तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, असं सांगण्यासारखं आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्या आजोबांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते हसले, म्हणाले, चव छान होती, पण दोनच थालीपीठांची.

तेव्हापासून मी स्वतःला वळण लावलं. भूक असली की हो, नसली की नाही. कुणाला विचारायचं तर एकदा, आणि उत्तर येईल ते खरं मानायचं. आधी जड गेलं, मग मजा वाटायला लागली. कुणी रुसलंय का, कुणाच्या मनात काय असेल, हे ओळखत बसायची कटकटच नाही! दुसऱ्या वर्षी तर मी गावाकडच्या लोकांना मनातल्या मनात हसायचे. किती वेळ घालवतात हे, असं मला वाटायचं. शहाणी झाले होते ना मी.

दर रविवारी मी मायला व्हिडिओ कॉल करायचे. ती फोन कानाला लावायची, त्यामुळे मला अर्धा तास फक्त तिचा कान आणि कानातली फुलं दिसायची. त्या वर्षीच्या एका रविवारी ती बोलता बोलता म्हणाली, "डोळ्याला जाळं आल्यासारकं झालंय बाई. डाक्टर म्हन्तेत मोतीबिंदू हाय, दोन्ही डोळ्यांत. कापाय लागंल."

"मी येऊ का?" मी विचारलं.

"नको. कावून येतीस येवढ्या लांबून? तुझ्या लेकरांचं शिकणं बुडंल. दादा हाय की हितं."

"बरं," मी म्हणाले.

मग तिनं थंडी किती आहे ते विचारलं. फोन ठेवून मी बाजारात गेले, कांदे आणले, दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी केली. मनाला काही म्हणजे काही लागलं नाही. हे लिहितानाही मला माझाच राग येतो.

पुढचे सगळे रविवार ती डोळ्याचं काही बोलली नाही आणि झालं असेल ऑपरेशन असं मी धरून चालले. चार महिन्यांनी दादाचा फोन आला. माय शेळ्यांमागं जाताना ओढ्यात पडली होती. हाड मोडलं नव्हतं, पण तिला ओढाच दिसला नव्हता. ऑपरेशन झालंच नव्हतं. दवाखान्यानं तीनदा तारीख दिली आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, पोरगी येऊ दे, मग बघू. आता डॉक्टर म्हणत होते की डावा मोतीबिंदू फार पिकलाय, तो डोळा हाती लागेल याची खात्री नाही.

"तू कावून न्हाई आलीस?" दादानं विचारलं.

"मी विचारलं होतं. ती नको म्हणाली."

"किती बार ईचारलंस?"

"एकदा."

"एकदाच?" दादानं पुन्हा विचारलं. मग हळूच म्हणाला, "माय नको म्हनली, अन् तुला ते खरं वाटलं?"

मी दुसऱ्या दिवशी रजा मागितली. मुख्याध्यापिकाबाईंनी एका शब्दात जा म्हटलं. मुंबईहून बीडपर्यंतच्या बसमध्ये मी ओळखीची माणसं टाळत तोंडाला ओढणी बांधून रडले.

माय अंगणात बसली होती. शेळ्या तिला आता आवाजावरूनच ओळखू येत होत्या. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, गाल दाबून बघितले आणि म्हणाली, "कशाला आलीस गं माय?" आणि माझा हात काही सोडला नाही.

बीडला आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग डाव्याचं. उजव्याची पट्टी सोडली त्या सकाळी तिनं माझ्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, "केस कधी पिकले तुझे?" मी हसले आणि मग एकदम भडकलेच. "सरळ ये म्हणायला काय झालं होतं तुला?"

"म्हनले असते तर आली असतीस न्हाई का?" ती म्हणाली. "मग तुझं येनं ऱ्हायलं कुठं? ते माजं बोलावनं झालं असतं."

मी तिच्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले.

महिनाभरानं माझी परत जायची वेळ आली. दुपारी मी बॅग भरत होते. माय बाजेवर बसून बघत होती. मधेच तिनं तळहातानं उजवा डोळा झाकला आणि नुसता डावा माझ्याकडे केला. मी हात हलवला.

"दिसतंय?"

"ऊन दिसतंय. तू नुसती सावली दिसतीस."

मी तशीच उभी राहिले. 'राहू का' असं विचारू का, किती वेळा विचारू, काही कळेना. तिनं डोळ्यावरचा हात काढला नाही.

"जाऊ नको," माय म्हणाली.

माझ्या उभ्या आयुष्यात तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी बॅगेतला स्वेटर बाहेर काढला, मग त्याखालचे कपडे काढले आणि एकेक करून पुन्हा खुंटीला अडकवत गेले.