चारा छावणीतली एक एनसी

"मॅडम, फिर्यादीत ह्याच्या बहिणीचं नाव टाकू का? मग कलम झ्याक बसतंय."

हवालदार मनापासून बोलत होते. त्यांना खरंच मदत करायची होती. अडचण अशी की कडा गावाजवळच्या चारा छावणीत मॅनेजरनं नको तिथं हात घातला होता तो सोमनाथच्या अंगाला, आणि सोमनाथ पडला पुरुष. विनयभंगाचं कलम फक्त बाईसाठी. पुरुषाच्या वाट्याला उरते साधी धक्काबुक्की.

मी काही बोलायच्या आत सोमनाथ बोलला, "हात माझ्या अंगाला लागला. मग इज्जत बहिणीची कावून लिवता?"

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मग एनसी हुईल."

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्हा. पोलीस तो लिहून घेतात, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करत नाहीत.

"घ्या एनसी," मी म्हणाले.

वकिलीत मी नवीन होते. आई-वडिलांनी ऊस तोडून मला शिकवलं, ते ऋण फिटणारं नाही. पण आमच्या घरातलं कुणी आरोपी म्हणूनसुद्धा कोर्टाची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे सल्ला कुणाला विचारणार?

त्या साली दुष्काळ होता. छावणी दूध सोसायटीची आणि मॅनेजर चेअरमनचा साडू. सोमनाथचे दोन बैल आणि एक गाय तिथं दावणीला होती. तक्रार केलीस तर जनावरं बाहेर काढीन, अशी मॅनेजरची धमकी होती. बाहेर ना चारा ना पाणी. म्हणून ठाण्यातून आम्ही तडक छावणीत गेलो.

चेअरमन पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते. मॅनेजर शेजारीच. वैरण टाकणारी माणसं हळूहळू गोळा झाली.

"वकीलबाई," चेअरमन हसत म्हणाले, "आता तर सुप्रीम कोर्टानंच परवानगी दिलीया म्हनं."

समलिंगी संबंध गुन्हा नाही, हा निकाल लागून वर्षही झालं नव्हतं. कड्यापर्यंत तो असा पोचला होता.

"परवानगी दोघांच्या मर्जीला दिलीय, चेअरमनसाहेब. एकट्या मॅनेजरच्या मर्जीला नाही."

मॅनेजर उसळला. "आवो, हा तसलाच हाय! समद्या गावाला ठावं हाय!"

माझ्याकडे राज्यघटनेवरचं एक लांबलचक भाषण तयार होतं. सोमनाथनं मला हातानंच थांबवलं.

"हाय," तो मॅनेजरला म्हणाला. "पन तुमच्यासाठी न्हाई."

माणसं अशी हसली, की एकजण वैरणीच्या भाऱ्यासकट खाली बसला. एक म्हातारे शेतकरी पुढे आले. त्यांची म्हैस सोमनाथच्या गाईशेजारीच बांधलेली असायची. "म्या डोळ्यानं पाह्यलंय. लई बेकार मानूस हाय ह्यो. कोर्टात सांगतो."

मागून दुसरा ओरडला, "सोम्या, माझंबी नाव घाल बे!"

चेअरमनचं हसू आटलं. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती आणि समोर सगळे मतदार उभे होते. "जनावरं कुनाचीबी हालनार न्हाईत," त्यांनी जाहीर केलं. मग साडूकडे वळले, "अन् तू उद्यापास्नं हितं दिसू नको."

सोमनाथची जनावरं छावणी उठेपर्यंत तिथंच राहिली.

पुढे मॅजिस्ट्रेटनं तपासाचा हुकूम दिला. दोन्ही साक्षीदार शब्दाला जागले. मॅनेजर दोषी ठरला आणि पाचशे रुपये दंड भरून घरी गेला. त्या कलमात त्याहून जास्त दंडच नव्हता. तोच हात बाईला लागला असता, तर किमान एक वर्ष तुरुंग होता.

आता नवी संहिता आली आहे. कलमाचा नंबर बदलला, दंड दुप्पट झाला. पुरुषासाठी वेगळं कलम मात्र आलं नाही. अशी केस आली तर काय करायचं, असं ज्युनिअर विचारतात. मी सांगते, घडलं तसंच लिहा, मिळेल ते कलम लावा आणि आधी साक्षीदार गाठा. माझा अनुभव असा, की संसदेच्या आधी दावणीवरची माणसं तयार होतात.