घटाला बसलेली तलवार

आमच्या घराला दसऱ्याचा एक मान होता. सोनं लुटायला गाव शिवेवर जमलं की आपट्याखाली मातीच्या ढिगावर कोहळा ठेवायचा आणि आमच्या घरच्या माणसानं तो तलवारीच्या एका घावात दुभंगायचा. दुसरा घाव नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते काम वर्षानुवर्षं केलं. मग एका उन्हाळ्यात ते गाडीवरून पडले, उजवा खांदा कायमचा अधू झाला आणि मान माझ्याकडे आला. मी तेव्हा गुलबर्ग्याला उर्दूतून चार बुकं शिकून नुकताच परतलो होतो आणि कोयता धरला की माझ्या तळहाताला फोड यायचे. भावकीतले थोरले काका पारावर चारचौघांत म्हणाले, "पोरानं एका घावात केला तर मान तुमचा. न्हाई तर पुढल्या सालापासून आमच्याकडं." अप्पांनी फक्त माझ्या हातांकडे पाहिलं. ते मला फार झोंबलं.

त्यातच घरची जुनी तलवार गेली. पावसाळ्यात तिला कोणी तेल लावलं नव्हतं. खुंटीवरून काढली तर मूठ माझ्या हातात आली आणि पातं म्यानातच राहिलं. मग मी आणि अक्का नवी तलवार आणायला बिदरला निघालो. अक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच कपाळ पांढरं होऊन ती माहेरी आली होती आणि अप्पा पडल्यापासून शेत तीच बघत होती. माझ्या खरेदीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून ती सोबत आली.

चौबाऱ्याजवळच्या गल्लीत एक दुकान होतं. तिथं जुन्या शाही नमुन्याच्या तलवारी नव्यानं घडवून विकत. कुणाला वरातीसाठी लागत, कुणाला नाटकासाठी. मी आत शिरलो आणि वाघाच्या तोंडाची मूठ बघून तिथंच विरघळलो. अक्कानं एक साधी, काळ्या मुठीची तलवार उचलली, नखानं टिचकी मारून पात्याचा आवाज ऐकला, ते किंचित वाकवून पाहिलं आणि म्हणाली, "ही घे."

"अक्का, मान माझा हाय का तुझा?" मी म्हणालो.

"तुझाच हाय बाबा. घे तुझा वाघ."

वाघ घेतला. त्याला धार मात्र नावालाही नव्हती. पात्याची कड शाळेतल्या पट्टीसारखी बोथट. मी दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "धार लगाके नै बेचते मियाँ. नौशे लोगां खुद का हाथ काट लेते." नौशे म्हणजे नवरदेव. गावात आमचा शिकलगार चाचा होताच. सगळ्या पंचक्रोशीची हत्यारं तोच पाजवायचा. त्याच्याकडून धार लावून घेऊ, दहा दिवस हातात आहेत, असा मी हिशेब केला.

पण परतताना हुमनाबादच्या अलीकडे मोटारीचं चाक बसलं. रात्र धर्मशाळेत काढून आम्ही घरी पोचलो तो घटस्थापनेचा दिवस. आई घट मांडून आमचीच वाट बघत होती. आमच्या घरात शस्त्र घटाशेजारी पाटावर बसतं. आईनं तलवार माझ्या हातातून घेतली, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि मी वाघाची मूठ सगळ्यांना नीट दिसेल अशी वळवून ठेवली. किती खूश होतो मी.

दुपारी चाचा ओट्यावर येऊन टेकला आणि म्हणाला, "तलवार ला बेटा, धार लगाता."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. एकदा पाटावर बसलेल्या शस्त्राला दसऱ्यापर्यंत दगड लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. आई म्हणायची, तेही आपल्यासारखं उपवास करतं. चाचाला हा नियम माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आपला दगड परत पिशवीत घातला. मला जेवण गेलं नाही. शिवेवर बोथट तलवार घेऊन मी उभा आहे, कोहळा गडगडत चाललाय आणि गाव हसतंय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आईला म्हणाली, "ओलं हळदकुंकू रोज चढणार, त्यानं पातं गंजंल. मी पुसत जाते."

"पूस की. पुसायला कोण न्हाई म्हणतंय," आई म्हणाली.

अक्का पुसायला बसली ती पुसतच राहिली. अंगणातून खसखस आवाज येत होता. मी जाऊन बघतो तर तिच्या हातात विटेचा गुळगुळीत तुकडा, पाण्याचा तांब्या शेजारी, आणि पात्याच्या कडेवरून लाल पाणी ओघळत होतं.

"अक्का, काय करायलीस? दगड लावायचा न्हाई ना?"

"ही वीट हाय. वीट म्हंजे माती. मातीला कामून दगड म्हणायलास?"

आई दारात उभी होती. तिनं ऐकलं, पदर सावरला आणि भाकरी करपते म्हणून आत गेली. त्या दिवशी चुलीवर भाकरी नव्हती, तिचा उपवास होता.

मग तो रोजचाच कार्यक्रम झाला. चाचा सकाळी ओट्यावर येऊन बसायचा. तलवारीला तो हात लावायचा नाही, पाटाचा मान तोही राखायचा. तो फक्त सांगायचा. "हाथ हलका रखो अक्का. इतना नक्को उठाव. नीचे से रुपया सरकना, बस." वीट आणि पातं यांच्यामधून रुपयाचं नाणं सरकेल, अक्का कड तेवढीच तिरपी धरायची आणि मुठीकडून टोकाकडे एकसारखा हात फिरवायची. मी मध्ये एकदा प्रयत्न केला, तर चाचानं डोळे मिटून घेतले. त्यानंतर माझ्याकडे पाणी ओतायचं काम आलं.

आठव्या दिवशी मी म्हणालो, "एक कोहळा कापून बघ की."

"येडा हायस का? अख्खा कोहळा बाईनं कापायचा असतो व्हय?" ती म्हणाली. पुरुषानं पहिला घाव घातल्यावरच बाईनं चिरायचा, ही आमच्याकडची रीत. तिनं कडब्याचं एक धाट उभं धरलं आणि पातं नुसतं टेकवलं. धाटाचा वरचा तुकडा खाली पडला. चाचा म्हणाला, "हौ. अब तयार है." अक्कानं पातं कोरडं केलं, तेलाचा बोळा फिरवला आणि तलवार पाटावर नेऊन ठेवली.

दसऱ्याला बायका शिवेवर येत नसत. मी निघालो तेव्हा अक्का दारात होती. धाकट्या भावाला ती कानडीत तम्मा म्हणायची. म्हणाली, "ढकलू नको तम्मा. ओढ."

शिवेवर गाव जमलं होतं. थोरले काका अगदी पुढे, हाताची घडी घालून उभे. मी तलवार उचलली, डोळे मिटले आणि ओढली. हाताला काही लागल्यासारखं वाटलंच नाही. हुकलं, असं वाटून मी डोळे उघडले, तर कोहळ्याचा एक भाग काकांच्या पायाशी डोलत होता. ते वाकले, कापलेल्या बाजूवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मान तुमचाच." लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मीही मोठा पराक्रम केल्यासारखा बसलो.

घरी आलो तेव्हा एका हातात तलवार होती आणि काखेत अर्धा कोहळा. अक्का अंगणातच उभी होती.

"किती घाव?"

"एक."

तिनं मान हलवली, माझ्या काखेतला कोहळा घेतला आणि तुळशीजवळच्या मातीवर पालथा ठेवला. मग हात पुढे केला. मी मूठ तिच्या हातात दिली. आई म्हणाली, "अगं, विळी हाय की घरात." अक्कानं ऐकलं नाही. पाय रोवले, डोळे उघडे ठेवले आणि एकदाच हात फिरवला. दोन्ही फोडी जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि मग सावकाश बाजूला झाल्या.

अप्पा कट्ट्यावरून बघत होते. या खेपेस ते तिच्या हातांकडे बघत होते, बराच वेळ. मग म्हणाले, "पोरी, इतकी वरसं मी पोराच्याच हाताकडं बघत बसलो की गं."

"फोडी उचला अप्पा, भाजी करायची हाय," अक्का म्हणाली. पण तलवार तिनं लगेच खाली ठेवली नाही.

त्यानंतर जितके दसरे माझ्या वाट्याला आले, त्या प्रत्येक दसऱ्याला मी शिवेवरून अर्धा कोहळा न चिरता अक्कासाठी घरी आणला.